पाखरं उठतात तेव्हा: मेफ्लायचं हॅच आणि फ्लाय फिशिंग

नदीकाठी

मागे भटकंतीच्या एका धाग्यावर मी मिशिगनमधल्या ग्रेलिंग गावाचा आणि तिथल्या मेफ्लायच्या हॅचचा उल्लेख केला, तेव्हा दोघातिघांनी विचारलं होतं की हे हॅच म्हणजे नक्की काय आणि त्यासाठी डेट्रॉइटकडून तीन तास गाडी हाकत जाण्यासारखं त्यात काय आहे. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी शब्दाबद्दल. हॅच म्हटलं की अंड्यातून पिल्लू बाहेर येणं डोळ्यांसमोर येतं. नदीवर त्याचा अर्थ वेगळा आहे. मेफ्लाय म्हणजे पाण्यात वाढणारा, नाजूक पंखांचा एक किडा. त्याचं पिल्लू अंड्यातून कधीच बाहेर आलेलं असतं आणि वर्षभर, काही जातींत दोन वर्षंही, पाण्याच्या तळाशी राहतं. त्याला निम्फ म्हणतात. एका ठरावीक ऋतूत, ठरावीक वेळी हे हजारो निम्फ एकदम पृष्ठभागाकडे निघतात, तिथे कात टाकतात आणि पंख घेऊन हवेत उठतात. हे उठणं म्हणजे हॅच. आम्ही तिघे मित्र आपसात सरळ 'पाखरं उठली' म्हणतो, आणि मला तोच शब्द जास्त बरोबर वाटतो.

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा मांसाचा तुकडा लावत नाहीत. गळावरच पिसं, केस आणि दोरा गुंडाळून किड्याची प्रतिकृती बांधतात. त्या प्रतिकृतीला फ्लाय म्हणतात. ट्राउट, म्हणजे थंड पाण्याच्या नद्यांतला मासा, तिला किडा समजून तोंडात घेईल, एवढ्यावर सगळा खेळ आहे. म्हणजे मासा या घटकेला काय खातोय हे कळलं नाही, तर पेटीत दोनशे फ्लाय असूनही उपयोग शून्य.

मी हे फार महाग शिकलो. पहिल्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला ग्रेलिंगच्या ऑ सेबल नदीत उभा होतो. दुपारचे अडीच वाजलेले, आभाळ भरलेलं आणि पाण्यावर करड्या पंखांची हेंड्रिक्सनची (ही मेफ्लायची एक जात) पाखरं छोट्या शिडांच्या होड्यांसारखी तरंगत होती. चहूकडे मासे उसळत होते. त्या पाखरांशी तंतोतंत जुळणारी, मोठ्या कष्टाने घरी बांधलेली फ्लाय मी दोन तास त्यांच्या डोक्यावरून नेली. एकाही माशाने ढुंकून पाहिलं नाही. साडेचारला सगळं थांबलं. काठावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी जवळ बोलावून एवढंच विचारलं, "मासा वर आला तेव्हा तुला त्याचं तोंड दिसलं की पाठ?"

मला पाठ दिसली होती, तोंड नाही. मासे तरंगणारी पाखरं खातच नव्हते. पृष्ठभागाच्या बोटभर खाली, अर्धवट कातीत अडकलेले, अजून पंख न उलगडलेले किडे ते खात होते. मी वरचं बघत राहिलो आणि जेवण खाली चाललं होतं.

मला जे सांगायचंय ते यातच आलं. पुस्तकं चाळून मेफ्लायची लॅटिन नावं पाठ करणारे खूप भेटतात. जातीचं नाव कळलं तर चांगलंच, पण किडा आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर आहे हे ओळखणं त्याहून कितीतरी महत्त्वाचं आहे. टप्पे असे:

निम्फ तळाशी असतो. हॅचच्या आधी एखाददोन तास तो बेचैन होतो, पकड सोडून प्रवाहाबरोबर वाहू लागतो. त्या वेळी मासे तळाशी पोटभर खातात आणि वरून नदी रिकामी वाटते. मग कातडीखाली साठलेल्या वायूच्या आधाराने तो वर येतो. पृष्ठभागाचा ताण फोडून बाहेर पडणं या एवढ्याशा जिवाला जड जातं, बरेच तिथेच अडकतात. हा इमर्जर. यातून सुटला तो डन. याचे पंख धुरकट, अपारदर्शक असतात आणि ते वाळेपर्यंत तो पाण्यावर बसून वाहत राहतो. थंड, दमट, ढगाळ हवेत पंख वाळायला वेळ लागतो, म्हणून माशांना जास्त अवधी मिळतो. जुने लोक रिमझिम पावसात नदीवर का धावतात याचं कारण हे आहे. कडक उन्हात डन बघता बघता उडून जातो.

उडालेला डन काठच्या झाडावर बसतो आणि तिथे पुन्हा एकदा कात टाकतो. आता पंख काचेसारखे स्वच्छ, शेपट्या लांब. हा स्पिनर. नर-मादी नदीवर थव्याने नाचतात, मादी अंडी सोडते आणि दोघंही मरतात. मादी पंख पसरून पाण्यावर सपाट पडते. मेलेला किडा पळून जाणार नसतो, त्यामुळे मासाही घाई करत नाही. तोंड जेमतेम वर काढून तो अलगद शोषून घेतो. पाण्यावर उमटणारं वर्तुळ एखाद्या थेंबाचं असावं इतकं छोटं असतं. अशा वर्तुळाखाली दीड फुटी ब्राउन ट्राउट असतो हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

तेव्हा फ्लाय काढण्याआधी दहा मिनिटं काठावर बसा. पाठ दिसली तर इमर्जर. तोंड दिसलं, छपकन आवाज झाला आणि मागे बुडबुडा राहिला तर डन, कारण वरचा किडा घेताना मासा हवाही घेतो. संध्याकाळी शांत छोटी वर्तुळं दिसली आणि हवेत वर-खाली नाचणारा थवा असला तर स्पिनर. आणि चहाची जुनी गाळणी खिशात ठेवा. मिनिटभर प्रवाहात धरली की काय वाहतंय ते समोर येतं. कधीकधी मोठी पाखरं डोळ्यांत भरतात आणि मासे मात्र त्यांच्याच बरोबर वाहणारे बारीक किडे खात असतात. ते गाळणीशिवाय कळत नाही.

आता ऑ सेबलविषयी. ग्रेलिंग हे गावाचं नाव एका माशाचं आहे. शिडासारखा उंच पर असलेला ग्रेलिंग मासा एकेकाळी या नदीत विपुल होता. एकोणिसाव्या शतकात पाइनची जंगलं तोडली, ओंडके नदीतून वाहून नेले, त्यात तळ खरवडला गेला, वर बेसुमार मासेमारी झाली आणि बाहेरून आणलेले ट्राउटही सोडले गेले. ग्रेलिंग संपला. नाव तेवढं राहिलं. आज जे ब्राउन ट्राउट आम्ही पकडतो ते मूळचे युरोपातले, १८८४ मध्ये मिशिगनच्या नद्यांत पहिल्यांदा सोडलेले. याच नदीच्या काठी १९५९ मध्ये ट्राउट अनलिमिटेड ही संस्था सुरू झाली. नुसते मासे सोडत बसण्यापेक्षा नदी आणि तिचं पाणी जपलं तर मासे आपले आपण वाढतील, हा तिच्यामागचा विचार. नदीचा बर्टन्स लँडिंग ते वेकली ब्रिज हा सुमारे आठ मैलांचा पट्टा 'होली वॉटर' म्हणून ओळखला जातो. तिथे फक्त फ्लायने मासेमारी आणि पकडलेला प्रत्येक मासा परत पाण्यात.

खाली वाळूचे जाड थर आणि त्यातून बारमाही झिरपणारं भूजल, यामुळे ही नदी उन्हाळ्यात फार तापत नाही आणि पावसात फार फुगत नाही. मेफ्लायला हेच हवं असतं.

आणि हेक्स, मेफ्लायचीच एक मोठी जात. शास्त्रीय नाव हेक्साजेनिया लिंबाटा. शरीरच इंचभर, पिवळसर, पंख धरून अंगठ्याएवढं पाखरू. जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यांपर्यंत, तेही रात्री. तिथले जुने लोक याला 'मिशिगन कॅडिस' म्हणतात. कॅडिस हा पूर्ण वेगळा किडा आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. याचे निम्फ गाळात बिळं करून राहतात, म्हणून होली वॉटरच्या खडकाळ तळापेक्षा गाळाच्या, संथ वळणांवर हेक्स जास्त.

माझी पहिली हेक्सची रात्र सांगतो. साडेनऊला सूर्य मावळला. आम्ही आठपासून जागा धरून बसलो होतो, कारण अंधारात अनोळखी गाळात पाय टाकायचा नाही हा पहिला नियम आहे. कुठे किती खोल आहे ते उजेडातच काठीने चाचपून ठेवलं होतं. पावणेदहा झाले, काही नाही. डास फोडून काढत होते. दहा झाले. मित्र म्हणाला, आज हवा गार आहे, नाही व्हायचं. मग डोक्यावरून एक सळसळ आली. सुती कापड झटकावं तसा आवाज. वर पाहिलं तर सीडरच्या शेंड्यांच्या रेषेवर, आभाळाच्या उरल्यासुरल्या उजेडात थवाच्या थवा नदीच्या वरच्या अंगाला चालला होता. आधीच्या एकदोन रात्री उठलेली पाखरं कात टाकून अंडी घालायला परतली होती. पाच मिनिटांत ती टोपीवर, मानेवर, रॉडवर बसायला लागली. आणि मग अंधारात कुठेतरी 'ग्लप्' असा आवाज आला, जड काहीतरी डोहात पडल्यासारखा.

हेक्सच्या रात्री दिसत काहीच नाही. आवाजावरून अंदाज घ्यायचा, मासा किती वेळाने घेतोय ते मनात मोजायचं आणि त्या लयीत फ्लाय त्याच्या थोडी वरच्या अंगाला, प्रवाहात टाकायची. एरवी दिवसा बारीक किडेच वेचणारे किंवा बाहेरच न पडणारे मोठे ब्राउन ट्राउट वर्षातल्या या दोन-तीन आठवड्यांत पृष्ठभागावर जेवायला येतात. मी त्या रात्री चार वेळा चुकलो. पाचव्यांदा लाइन जड झाली. तो मासा हातात आला तेव्हा मित्राने लाल दिवा धरला. सोनेरी पोट, लाल ठिपके आणि ओठाच्या कोपऱ्यात एक अर्धवट गिळलेलं पाखरू. अर्धा मिनिट पाण्यात धरून सोडून दिला. घरी पोचेपर्यंत पहाटेचे चार वाजले होते आणि मला झोप येत नव्हती.

मृद्गंध

सुंदर लिहिलंय. हेक्सच्या रात्रीचं वाचताना अंगावर काटा आला. एक शंका. आमच्याकडे साताऱ्याला पहिला पाऊस झाला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे येतात, सकाळी अंगणात नुसत्या पंखांचा खच पडलेला असतो. तेच का हे?

नदीकाठी

मृद्गंध, धन्यवाद. नाही, ती वाळवी. वारुळातून नवी वसाहत करायला निघालेले नर-मादी. त्यांचे चारही पंख सारख्या मापाचे असतात आणि जमिनीवर उतरल्यावर ते पंख झाडून टाकतात, म्हणून खच दिसतो. मेफ्लायचे पुढचे पंख मोठे, मागचे अगदी लहान किंवा काही जातींत नसतातच. बसताना ती पंख पाठीवर उभे जोडून धरते आणि मागे दोन किंवा तीन लांब दोऱ्यासारख्या शेपट्या असतात. वाळवीचा पाण्याशी संबंध नाही. पण पावसाची, दमट हवेची वाट बघून सगळ्यांनी एकाच संध्याकाळी बाहेर पडायचं, ही युक्ती दोघांची सारखी. एवढे जण एकदम निघाले की खाणाऱ्यांची पोटं भरतात आणि तरी पुष्कळ उरतात.

कातळ

पुण्यात पाण्यातल्या किड्यांवर काम केलंय, म्हणून थोडी भर.

नदीकाठींनी जे दुसऱ्यांदा कात टाकणं सांगितलं ते फार विलक्षण आहे. पंख फुटल्यावर, उडता यायला लागल्यावर पुन्हा कात टाकणारे जिवंत कीटक फक्त मेफ्लायच. फुलपाखरू, चतुर, टोळ, कुणीच हे करत नाही. फार जुनी मंडळी आहेत ही, यांच्या पूर्वजांचे जीवाश्म सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे मिळतात.

प्रौढ मेफ्लायला खाता येत नाही. तोंडाचे अवयव निकामी असतात, अन्ननलिकेत हवा भरलेली असते. निम्फ असताना शेवाळ आणि कुजकी पानं खाऊन जे साठवलं त्यावरच उडायचं, जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. नराचे डोळे मोठे असतात आणि पुढचे पाय लांब, थव्यात वरून जाणाऱ्या मादीला खालून धरण्यासाठी. अमेरिकेच्या आग्नेय भागात डोलानिया नावाची एक मेफ्लाय आहे. तिची मादी पंख फुटल्यावर पाच मिनिटंसुद्धा जगत नाही.

महाराष्ट्रातही मेफ्लाय भरपूर आहेत, फक्त आपण बघत नाही. सह्याद्रीतल्या कुठल्याही स्वच्छ, वाहत्या ओढ्यातला दगड उलटा करा. चपटा, दगडाला चिकटून सरसर सरकणारा, दोन-तीन शेपट्यांचा प्राणी दिसला आणि पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले हलताना दिसले, तर तो मेफ्लायचा निम्फ. बघून झालं की दगड होता तसा ठेवा. गावाच्या खाली, सांडपाणी मिसळल्यावर त्याच ओढ्यात दगड उलटा केलात तर बहुधा लाल रक्तकिडे आणि गाळ मिळेल. प्रयोगशाळेत न जाता पाणी कसं आहे ते सांगणारी यापेक्षा सोपी खूण मला माहीत नाही.

गरवणारा

धागा आवडला. मी मालवणचा, लहानपणापासून गरवतो. खाडीवर, खडपावर, होडीतून. आम्ही गरीला कोळंबी लावतो, भरती-ओहोटी बघतो, चांदणं बघतो. तुमचं 'पाठ दिसली की तोंड' वाचून बरं वाटलं, कारण आमचे आजोबाही गरी टाकायच्या आधी बराच वेळ पाणी बघत बसायचे.

पण एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. मासा खायचा नाही तर पकडायचा कशाला? आमच्याकडे गळाला लागलेला मासा सोडून दिला तर घरचे वेड्यात काढतील. खाण्यासाठी जीव घेणं मला समजतं. निव्वळ मजेसाठी त्याच्या तोंडात गळ अडकवायचा आणि मग पुण्य केल्यासारखं सोडून द्यायचं, हे मनाला पटत नाही.

नदीकाठी

गरवणारा, राग कसला, हा प्रश्न मी स्वतःला विचारत आलोय.

समुद्राची आणि या नदीची गोष्ट वेगळी आहे. ऑ सेबल काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की दगड पलीकडे फेकता येतो, आणि हंगामात तिच्यावर शेकडो माणसं येतात. प्रत्येकाने दोन मासे नेले तर तीन-चार वर्षांत मोठा मासा दिसायचा नाही. ग्रेलिंगचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. नदीच्या इतर पट्ट्यांत नियमात बसेल तेवढे मासे नेता येतात आणि मीही कधी एखादा घरी आणून हळद-मीठ लावून तळलाय. त्यात मला काही गैर वाटत नाही.

पण तुमचा मुद्दा त्याने संपत नाही हे मान्य. माशाला त्रास होतोच. मी एवढंच करू शकतो की तो कमीत कमी होईल. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करतो, म्हणजे गळ क्षणात निघतो. हात ओले केल्याशिवाय माशाला लावत नाही, कारण कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि त्याला बुरशी लागते. फोटोसाठी पाण्याबाहेर काढत नाही. आणि पाण्याचं तापमान ६८ फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सियसवर गेलं की रॉड गुंडाळतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. झगडून दमलेला ट्राउट तुमच्या हातातून पोहत गेलेला दिसतो आणि वळणाआड जाऊन मरतो. जुलै-ऑगस्टच्या दुपारी नदीत उभं राहून 'मी सगळे सोडले' म्हणणाऱ्यांशी माझे वाद झालेत. थर्मामीटर न बाळगता मासे सोडणं मला पटत नाही.

गरवणारा

पटलं असं नाही म्हणणार, पण विचार करून उत्तर दिलंत, आभार. काटा सपाट करायची गोष्ट चांगली आहे. छोटे मासे परत टाकताना मीही करून बघेन.

ईरीकाठ

ओहायोतल्या टोलेडोजवळ राहते. आमच्याकडे हेक्स नदीवर नाही, ईरी तलावावर. जूनमध्ये रात्री पेट्रोलपंपाच्या दिव्यांखाली ढीग साचतात, रस्त्यावर चिरडून घसरडं होतं, दुकानदार सकाळी फावड्याने ओढतात. दोन दिवस माशांसारखा वास येतो. हवामानाच्या रडारवर पावसाच्या ढगासारखा थवा दिसतो, स्थानिक बातम्यांत दरवर्षी दाखवतात. पहिल्या वर्षी मी खिडक्या लावून रडायच्या बेतात होते.

मग शेजारच्या आजींनी सांगितलं की त्यांच्या तरुणपणी ही पाखरं नाहीशी झाली होती. त्यावर वाचलं. १९५३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीला तलावाच्या पश्चिम भागात बरेच दिवस वारा पडला, पाणी ढवळलं गेलं नाही आणि तळाचा प्राणवायू संपला. गाळातले निम्फ गुदमरून मेले. शहरांचं सांडपाणी आणि शेवाळ यांनी तळ आधीच बिघडलेला होता, त्यामुळे ते पुन्हा उभे राहिलेच नाहीत. १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने सरोवरांच्या पाण्याबद्दल करार केला, सांडपाण्यातलं फॉस्फरस कमी केलं आणि १९९० च्या दशकात पाखरं परतली. म्हणजे जवळपास चाळीस वर्षांनी. आजी म्हणाल्या, त्या वर्षी लोक अंगणात उभे राहून बघत होते.

२०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, रडारच्याच नोंदी वापरून केलेला. ईरीच्या पश्चिम भागात आणि वरच्या मिसिसिपीवर २०१२ पासून मेफ्लायची संख्या निम्म्याहून जास्त घटली असं त्यात दिसलं. आता जूनमध्ये खिडकीला पाखरं चिकटली की मी त्यांना झटकत नाही.

नदीकाठी

ईरीकाठ, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे. चाळीस वर्षं लागली परत यायला, हे सगळ्यांनी वाचायला हवं.

केनेटकाठ

इंग्लंडमधून. आमच्याकडे टेस्ट, केनेट या चुनखडीच्या झऱ्यांच्या नद्या आहेत, पाणी इतकं नितळ की मासा तुम्हाला बघतो तेवढाच तुम्ही त्याला. इथल्या कोळ्यांच्या भाषेत 'मेफ्लाय' म्हणजे बहुतेक वेळा एकच जात, एफेमेरा डानिका. मेअखेर ते जूनचा पूर्वार्ध. या काळाला इथे 'डफर्स फोर्टनाइट' म्हणतात, म्हणजे नवख्यालाही मासा मिळेल असा पंधरवडा.

मला मात्र अनुभव थोडा वेगळा आहे. पहिले तीन-चार दिवस माशांना एवढ्या मोठ्या पाखराची भीतीच वाटते, ते खातच नाहीत. मग काही दिवस वेड्यासारखे खातात. आणि शेवटी पोटं इतकी भरतात की पुन्हा चिकित्सक होतात. हॅचचा 'मधला' आठवडा पकडा. तिकडे हेक्सचंही असंच असतं का?

नदीकाठी

हो, अगदी असंच. हंगामाच्या शेवटी मासे डन सोडून फक्त स्पिनर घेतात, तेही अगदी सपाट पंखांचे. त्या वेळी उंच पंखांची फ्लाय त्यांना चालत नाही. मी एकदा कात्रीने फ्लायच्या खालची पिसं कापून ती पाण्याला टेकवली आणि पुढच्याच फेकीला मासा लागला.

अंगणी

वाचतेय, खूप नवीन कळलं. आम्ही दोघं मेच्या शेवटच्या आठवड्यात ग्रेलिंगला जाणार आहोत, नवऱ्याने नुकताच रॉड घेतलाय. दुकानात गेलो तर शेकडो फ्लाय, प्रत्येकीला नंबर. काय घ्यायचं? आणि हेक्स तेव्हा मिळेल का?

नदीकाठी

अंगणी ताई, हेक्सला तुम्ही तीन-चार आठवडे लवकर आहात. पण मेअखेर हा ऑ सेबलवरचा माझा सगळ्यात आवडता काळ आहे, कारण एका दिवसात बरंच काही होतं.

नंबरचं गणित उलटं: आकडा जितका मोठा, गळ तितका लहान. हेक्सला ४ किंवा ६, ऑगस्टमधल्या ट्रायको या चिमुकल्या मेफ्लायला २२-२४, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान.

हेंड्रिक्सन तोवर संपत आलेली असेल. ती एप्रिलअखेर सुरू होते, पाणी ५० फॅरनहाइटच्या वर, म्हणजे साधारण १० सेल्सियस झालं की, आणि दुपारीच. माणसाला जी वेळ सुखाची वाटते तीच वसंतात पाखरांची असते. जसजसा उन्हाळा चढतो तशी ती संध्याकाळकडे सरकतात आणि हेक्स तर रात्रीच. तुम्हाला सल्फर मिळेल, फिकट पिवळं पाखरू, १६ नंबर, संध्याकाळी सहानंतर. नशीब असेल तर ब्राउन ड्रेक, १० नंबर, जूनच्या सुरुवातीला, सूर्य मावळताना. दिवस ढगाळ आणि थंड निघाला तर छोटे ऑलिव्ह, १८-२०.

पण एवढं सगळं घेऊ नका. १४ आणि १६ नंबरच्या ॲडम्स घ्या. ही फ्लाय मिशिगनचीच, लेन हॅलाडे यांनी १९२२ मध्ये मेफील्ड गावी बांधली आणि ज्या मित्राने ती बोर्डमन नदीवर पहिल्यांदा वापरली त्या चार्ल्स ॲडम्स यांचं नाव तिला दिलं. करडं अंग, तपकिरी आणि पट्टेरी पिसं एकत्र गुंडाळलेली. ती कुठल्याच एका मेफ्लायची हुबेहूब नक्कल नाही आणि म्हणूनच बऱ्याच जणींसारखी दिसते. त्याबरोबर फेझंटच्या शेपटीच्या पिसांचे निम्फ, १६ नंबर, आणि सल्फरचे दोन-चार स्पिनर, पंख सपाट असलेले. बस.

फ्लाय कुठली यापेक्षा ती वाहते कशी हे जास्त बघा. खरं पाखरू प्रवाहाच्याच वेगाने जातं. लाइन वेगवान धारेत पडली की ती फ्लायला ओढते, पाण्यावर इंग्रजी व्हीसारखी रेघ उठते आणि मासा लगेच सावध होतो. फेकल्याबरोबर लाइनचं पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका. यजमानांना पहिल्या दिवशी एवढंच करायला सांगा. लांब फेकायची गरज नाही, वीस-पंचवीस फूट पुष्कळ झाले.

परवाना १७ वर्षं आणि त्यावरील प्रत्येकाला लागतो. दुसऱ्याच्या पुढ्यात नदीत उतरू नका, आधी विचारा. तिथली माणसं बोलकी आहेत, काय उठतंय ते हमखास सांगतात.

हिमरेषा

कुणी भारतात करायचं म्हणत असेल तर: काश्मीरमध्ये ट्राउट १९०० साली स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांतून आला, हिमाचलात तीर्थन खोऱ्यात आजही चांगला आहे. मी तीर्थनला दोनदा गेलोय. तिथे लोक जास्त करून चकचकीत धातूचे स्पिनर वापरतात (या धाग्यातले स्पिनर नव्हेत), पण एप्रिलमध्ये संध्याकाळी मी नदीवर पाखरं नाचताना पाहिली आहेत आणि ॲडम्सवरच मासा घेतलाय. परवाना तिथेही लागतो, मत्स्य विभागाकडून.

कातळ

हिमरेषा, पुढच्या वेळी काठच्या दगडांवरच्या रिकाम्या काती बघा आणि जवळून फोटो काढा. काही मेफ्लाय पाण्यातून सरपटत बाहेर येऊन दगडावर कात टाकतात, काती तशाच चिकटून राहतात. हिमालयातल्या जातींबद्दल निदान कुटुंबापर्यंत तरी मी सांगू शकेन.

अंगणी

नदीकाठी, मनापासून आभार. ॲडम्स घेतल्या, थर्मामीटर घेतला. चहाची गाळणी आईने मागच्या वेळी आणलेली पितळी आहे, चालेल ना?

नदीकाठी

पितळीची जाळी बहुधा मोठी असते, छोटे ऑलिव्ह निसटतील. तिच्यावर जुन्या ओढणीचा पातळ तुकडा ताणून रबर लावा. आणि पहिल्या संध्याकाळी काय सापडलं ते इथे लिहा. फोटो आला तर कातळ आणि मी मिळून ओळखू.

अंगणी

नक्की लिहीन. २७ तारखेला पोचतोय.